बामणोलीची लाँच

भाच्यानं एडिंबरोहून फोटो पाठवले. लॉख नेसच्या काळ्या पाण्यातून छोटी बोट चाललेली आणि काठावर अर्कर्टचा पडका किल्ला. तिथं अशा बोटींतून आठवडाभर फिरतात, दिवसा किल्ले बघायचे, रात्री बोटीतच मुक्काम. मला आठवली ती आपली बामणोलीची लाँच.

ती लाँच कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून जाते. आम्ही सांगलीकर या शिवसागराला आकड्यांनी ओळखतो. कोयना किती भरलं, विसर्ग किती, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर, यातच आमचा पावसाळा जातो. त्या १०५ टीएमसीवरून एकदा जाऊन यावं म्हणून डिसेंबरात निघाले. साताऱ्याहून कास आणि घाट उतरून बामणोली. वनखात्याचा परवाना घेतला, लाइफ जॅकेट चढवलं आणि पट्टा दोनदा ओढून पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, तेव्हापासून हा पट्टा मला सैल ठेवता येत नाही.

तास-दीड तास पाणी कापल्यावर वासोटा किल्ल्याचा पायथा येतो. शिवाजीमहाराजांनी याला व्याघ्रगड नाव दिलं. पुढं ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांविरुद्ध लढवला. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा त्यांचे दोन अधिकारी इथं कैदेत होते. त्याच वर्षी साताऱ्यात कारभारी म्हणून आला तो जेम्स ग्रँट डफ, स्कॉटलंडमधल्या बँफचा. मराठ्यांचा इतिहास त्यानं १८२६ साली छापला. भाच्याला हे कळवलं तर त्याचा लगेच फोन आला, बँफ त्याच्या नकाशावर होतं!

गडावरून बाबूकडा पाहिला की पोटात खड्डा पडतो. पण मला त्या दिवसाचं खरं काही मिळालं ते बोटीतच.

निम्म्या वाटेवर बोटवाल्या दादांनी इंजिन बारीक केलं. उजवीकडे हात करून म्हणाले, "हितं खाली आमचं गाव हुतं. देऊळ, चावडी, भाताची खाचरं, समदं." पाण्यावर एक तरंगही नव्हता. धरण १९६४ साली पूर्ण झालं आणि खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी ठाणे-रायगडात, कुणी आमच्या सांगली जिल्ह्यात. दादांचे चुलते गेले, वडील वरच्या डोंगराला सरकले. आज दादा त्याच गावावरून पर्यटकांना नेतात. या पाण्यातलं बरंचसं बोगद्यांतून पोफळीला वीज करून कोकणात उतरतं, उरलेलं कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून आमच्या घाटाला येतं. माझ्या घरचा दिवा आणि माझ्या घरचा हंडा, दोन्ही त्यांच्या खाचरांवरून आलेत.

म्हणून मला वाटतं, बामणोलीच्या धक्क्यावर बोटीच्या दरांइतक्याच ठळक अक्षरांत या गावांची नावं लागावीत. वासोट्याच्या इतिहासाला पुस्तकं आहेत. दादांच्या चावडीला फक्त दादा आहेत, आणि त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढं आहे.

अंधारायच्या आत परत फिरलो. त्या जागी त्यांनी इंजिन पुन्हा बारीक केलं, कुणी न सांगता. मी आधीच त्या बाजूला सरकून बसले होते.