सन्मान कीं बोळवण?

मेलेल्या माणसाचा गौरव करणें हें जिवंत माणसाचें देणें फेडण्याहून फार स्वस्त पडतें. अमेरिकेंत गुलामगिरीविरुद्ध व पुढें नागरी हक्कांसाठीं ज्या स्त्रिया लढल्या, त्यांचे आज पुतळे उभारले जातात, टपालाच्या तिकिटांवर त्यांचीं चित्रें छापलीं जातात, आणि ऋण फिटलें असें समजून सभा विसर्जन पावते. या सन्मानाला आमचा विरोध नाहीं. त्याच्या आड जी लबाडी दडते, तिला आहे.

हॅरिएट टबमनबाईंचेंच उदाहरण घ्या. १८४९ सालीं त्या मेरीलंडमधील दास्यांतून निसटल्या. पुढील दहाबारा वर्षांत सुमारें तेरा वेळां परत जाऊन त्यांनीं सुमारें सत्तर जणांना सोडवून आणलें. यादवी युद्धांत त्या उत्तरेच्या सैन्याच्या हेर व मार्गदर्शक होत्या. १८६३ च्या जूनमध्यें काँबाही नदीवर झालेल्या स्वारींत सातशेंहून अधिक गुलाम मुक्त झाले, त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. या कामगिरीचें मोल काय ठरलें? प्रथम सैनिकाची विधवा म्हणून दरमहा ८ डॉलर. १८९९ सालीं त्यांचे २० झाले, पण वरचे १२ परिचारिका म्हणून! विधवा म्हणून चालेल, शुश्रूषा करणारी म्हणून चालेल. हेर म्हणून मात्र त्यांची दखल घेण्यास सरकार तयार नव्हतें. १९१३ सालीं त्या वारल्या. २०१६ सालीं सरकारनें जाहीर केलें कीं, त्यांचें चित्र नोटेवर येईल. नोट कोणती? तर २० डॉलरचीच! गुलामांचा धनी असलेल्या अँड्र्यू जॅक्सनची जागा त्यांनीं घ्यावयाची होती. २०१९ सालीं तेंहि लांबणीवर टाकण्यांत आलें. जिवंतपणीं वीस डॉलरांसाठीं ज्यांना तिष्ठत ठेवलें, त्यांना मेल्यावरहि वीस डॉलरांसाठींच तिष्ठावें लागलें.

कोणी म्हणेल, सरकार तें सरकारच. चळवळींतील बंधूंनीं तरी भगिनींना न्याय दिला असेल. इतिहास तसें सांगत नाहीं. १८४० सालीं लंडन येथें गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेहून ल्युक्रिशिया मॉट व इतर स्त्रिया प्रतिनिधि म्हणून आल्या होत्या. त्यांना प्रतिनिधींत बसूं द्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद झाला, व अखेर त्यांची रवानगी प्रेक्षकांच्या जागीं झाली. विल्यम लॉइड गॅरिसन उशिरा पोहोंचले, आणि निषेध म्हणून त्या स्त्रियांजवळ जाऊन बसले. इतरांनीं मात्र माणसाच्या बेड्या तोडण्याचे ठराव बायकांना बाजूला बसवून मांडले!

यानंतर १२३ वर्षांनीं, २८ ऑगस्ट १९६३ रोजीं, वॉशिंग्टन येथें नागरी हक्कांसाठीं प्रचंड सभा झाली. मुख्य वक्त्यांत एकहि स्त्री नव्हती. संयोजकांतील एकमेव स्त्री ॲना आर्नोल्ड हेजमन यांनीं हरकत घेतली. तेव्हां लढाऊ स्त्रियांच्या गौरवाचा एक छोटा कार्यक्रम योजण्यांत आला, व त्यांत डेझी बेट्स यांनीं मोजकीं वाक्यें बोलून घेतलीं. महालिया जॅक्सन यांनीं गावें, याला कोणाची हरकत नव्हती. गाण्याला व्यासपीठ होतें, मताला नव्हतें. आमच्या आक्षेपाचें मर्म हेंच आहे. ‘आम्हांला बोलूं द्या’ असें म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालें, ‘आम्ही तुमचा गौरव करतों.’

त्या व्यासपीठावर रोझा पार्क्सबाईहि होत्या. थकून गेल्यामुळें बसमधील जागा न सोडणारी भोळी शिंपीण, हें त्यांचें चित्र आपण मुलांना दाखवितों. वास्तविक १९५५ सालच्या त्या प्रसंगापूर्वीं बारा वर्षें, १९४३ सालींच, त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस झाल्या होत्या. पायांचा थकवा सांगावयाचा आणि डोक्यांतील विचार गाळावयाचा, हा कसला गौरव?

यावर पूर्वपक्ष असा कीं, मोठ्या लढ्यांत घरचीं भांडणें काढूं नयेत. आधीं ऐक्य, मग न्याय. ऐक्याचें महत्त्व आम्ही जाणतों. परंतु ज्या ऐक्याची किंमत दर खेपेस एकाच पक्षानें मोजावयाची, त्याला ऐक्य म्हणत नाहींत. १८४० सालींहि हेंच कारण सांगितलें होतें कीं, स्त्रियांना घेतलें तर लोक हंसतील व कार्य बुडेल. गॅरिसन उठून त्या स्त्रियांजवळ गेल्यानें कार्य बुडालें नाहीं.

हा प्रश्न दूरच्या देशाचा आहे असेंहि आम्हां मराठी वाचकांना म्हणतां येणार नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या लोकांत या स्त्रियाहि होत्या. तेव्हां त्यांचें स्मरण करावयाचें तर पुरें करावें: त्यांचें काम सांगावें, त्यांचें मत सांगावें, आणि त्यांना कोणीं कोठें गप्प बसविलें तेंहि सांगावें. शाल खांद्यावर घालावयाची असते, तोंडावर नव्हे.