चाली आजोबांच्या नव्हेत


‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५च्या चित्रपटात राहुल देशपांडे यांनी ‘आजोबांच्या चाली’ गायल्या, असे आपल्या लेखात म्हटले आहे. चाली त्यांचे आजोबा वसंतराव देशपांडे यांच्या नव्हेत, जितेंद्र अभिषेकींच्या. वसंतराव ज्यात गायले ते मूळ नाटक १९६७ साली आले तेव्हा संगीतकार ३८ वर्षांचा, गायक ४७चा! म्हणजे धाकट्याने थोरल्याला चाल बांधून दिली. ‘घेई छंद’ हे पद एकच, पण चाली दोन: नाटकातल्या पंडितजींकडे संथ, खाँसाहेबांकडे चपळ. वसंतरावांनी गळ्याने रंग भरला, एवढे मान्य. आणि वारसा रक्तातूनच येतो म्हणता, तर याच चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे अभिषेकीबुवांचे शिष्य आहेत, नातू नव्हेत.

दुरुस्ती छापावी. कळावे.

— एक वाचक, मिरज