दामाजीचे कोठार आणि परताव्याचे भांडवल

मंगळवेढ्याला दुष्काळ नवा नाही. बहामनी राजवटीत येथे कारभार पाहणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात आबालवृद्धांना ठाऊक आहे. बिदरच्या दरबारातून त्यांना पकडून नेण्याचा हुकूम सुटला आणि विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठलाने त्या धान्याची किंमत दरबारात भरली, असे परंपरा सांगते. भाविकाला या कथेत भक्तीचा महिमा दिसतो. अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्याला तीत आणखी दोन गोष्टी दिसाव्यात. एक अशी की, दामाजींनी धान्य सवाईने किंवा दिढीने दिले नाही, ते वाटले. दुसरी अशी की, कोठार रिकामे झाले म्हणजे त्याचा हिशेब कोणाला तरी चुकता करावाच लागतो, हे कथा रचणाऱ्या लोकमानसालाही पक्के ठाऊक होते. दारिद्र्यासंबंधीचा सारा वाद अखेर याच दोन प्रश्नांशी येऊन थांबतो. भुकेल्याला द्यावयाचे ते हक्क म्हणून की कर्ज म्हणून? आणि त्याची किंमत कोणी भरावयाची?

गेल्या पाव शतकात या प्रश्नांना एक नवे आणि मोठे गोंडस उत्तर पुढे आले आहे. सरकार अकार्यक्षम आहे, दानधर्म माणसाला लाचार करतो, तेव्हा गरिबी हटविण्याचे काम 'सामाजिक उद्योजका'कडे सोपवावे, असे हे उत्तर आहे. जॅकलिन नोवोग्राट्झ ही अमेरिकन महिला या विचाराची सर्वांत प्रभावी प्रवक्ती. चेस मॅनहॅटन बँकेतील नोकरी सोडून ती आफ्रिकेत गेली. रुआंडातील किगाली शहरात स्थानिक महिलांबरोबर तिने 'दुतेरिंबेरे' ही स्त्रियांना कर्ज देणारी संस्था उभारली. आणि २००१ साली न्यूयॉर्कमध्ये 'अ‍ॅक्युमेन' हा निधी स्थापन केला. देणग्या घ्यावयाच्या, परंतु त्या वाटून टाकावयाच्या नाहीत. गरिबांना पाणी, दिवे, औषधोपचार विकणाऱ्या कंपन्यांत त्या दीर्घ मुदतीने गुंतवावयाच्या, परताव्याची घाई करावयाची नाही, आणि परत आलेली रक्कम पुन्हा दुसऱ्या कंपनीत घालावयाची, अशी ही पद्धत आहे. तिला सबुरीचे भांडवल म्हणता येईल. या बाईंच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नाही. भांडवल सबुरीचे झाले म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा नाही. जी माण नदी आटपाडी, सांगोला हे तालुके ओलांडून मंगळवेढ्याच्या परिसरात भीमेला मिळते, तिच्याच काठी वरच्या अंगाला सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे गाव आहे. जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना सिन्हा मुंबई सोडून विवाहानंतर येथे स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात झोपडीवर टाकावयाच्या प्लॅस्टिकसाठी चार पैसे साठवावयाचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडावयास तयार नव्हती. या अनुभवातून माणदेशी महिला सहकारी बँकेची कल्पना निघाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका खचल्या नाहीत. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि आम्हाला व्याजाचे गणित घाला, ते तोंडी करून दाखवितो, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ साली बँक सुरू झाली. ज्या प्रदेशात सावकाराचा उंबरठा झिजविण्यात पिढ्या गेल्या, तेथे ही घटना लहान नव्हे. तिला मनःपूर्वक अभिवादन केल्याशिवाय पुढचा शब्द लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु अभिवादन नेमके कशाला करावयाचे, हे नीट समजून घेतले पाहिजे. म्हसवडची बँक उभी राहिली ती परदेशी गुंतवणूकदाराच्या भांडवलावर नव्हे. ती उभी राहिली सभासद स्त्रियांच्या भागभांडवलावर, त्यांच्या बचतीवर आणि एका सभासदाला एक मत या सहकाराच्या तत्त्वावर. ठेवीदार, कर्जदार आणि मालक या तिन्ही भूमिका तेथे एकाच वर्गाच्या हाती आहेत. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्राला जो सहकार शिकविला, त्याच परंपरेचे हे स्त्रियांच्या हातून झालेले नवे रूप आहे. त्याला 'सामाजिक गुंतवणुकीचा विजय' म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील पिकावर आपल्या नावाची पाटी लावण्यासारखे आहे.

मालकी बदलली की काय होते, याचा धडा शेजारच्या आंध्र प्रदेशाने दिला आहे. विक्रम अकुला यांची 'स्वयं कृषी संगम' ही संस्था त्याच सुमारास गरीब स्त्रियांना छोटी कर्जे देण्यासाठी सेवाभावी संस्था म्हणून निघाली. झपाट्याने वाढावयाचे तर भांडवल हवे, भांडवल हवे तर भागधारक हवेत, या तर्काने ती कंपनी झाली आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. गरिबांच्या कर्जावर भागधारकांनी नफा कमवावा, याला ग्रामीण बँकेचे संस्थापक महंमद युनूस यांनीही जाहीर विरोध केला होता. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, वसुलीचा जाच आणि कर्जदारांच्या आत्महत्या यांच्या बातम्यांनी हादरलेल्या आंध्र सरकारला सूक्ष्मकर्ज कंपन्यांना वेसण घालणारा वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये या कंपन्यांच्या व्याजाला २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. यावरून मर्यादेशिवाय काय चालत होते, याची कल्पना यावी. मार्च २०२२ मध्ये तर दरावरील मर्यादाच काढून घेण्यात आली. एकाच दशकात, एकाच वर्गातील स्त्रियांसाठी निघालेल्या दोन संस्थांच्या वाटा इतक्या का फुटाव्यात? म्हसवडला हिशेब सभासदांपुढे द्यावा लागत होता; तिकडे तो भागधारकांपुढे द्यावा लागू लागला. फरक हेतूंचा नव्हता, मालकीचा होता.

गरिबांना वस्तू विकणाऱ्या कंपन्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्याही दोन उदाहरणांची परीक्षा करू. टांझानियातील अरुशा येथे मलेरियापासून वाचविणाऱ्या टिकाऊ मच्छरदाण्यांचा कारखाना अ‍ॅक्युमेनच्या कर्जाने त्या उत्पादनात उतरला, हे या पंथाचे आवडते उदाहरण. कारखाना उत्तम चालला. पण मच्छरदाण्यांचे मोठे खरेदीदार आंतरराष्ट्रीय संस्था आणि सरकारे होती. त्या घरोघर पोहोचल्या त्या मुख्यतः फुकट किंवा नाममात्र किमतीला वाटल्यामुळे. माणूस पैसे मोजतो तेव्हाच वस्तूची कदर करतो, हे बाजाराचे आवडते सुभाषित आहे. केनियात अर्थशास्त्रज्ञांनी ते प्रत्यक्ष तपासून पाहिले. फुकट मिळणाऱ्या मच्छरदाणीला केवळ ६० सेंट किंमत लावताच ती घेणाऱ्या गरोदर स्त्रियांचे प्रमाण शंभरात साठांनी घटले, आणि ज्यांनी ती फुकट घेतली त्यांनी ती पैसे देणाऱ्यांपेक्षा कमी वापरली असेही आढळले नाही. दुसरे उदाहरण मुंबईचे. १२९८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून अधिक आणि सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी भाडे घेत असे. अ‍ॅक्युमेनने २००७ साली तीत पैसा गुंतविला. कल्पना न्याय्य होती. परंतु पुढे त्या कंपनीचा मोठा विस्तार झाला तो राज्य सरकारांच्या १०८ सेवेची कंत्राटे मिळाल्यावर. म्हणजे परताव्याचे भांडवल ज्यांचा अभिमान बाळगते, ते दोन्ही विजय अखेर सार्वजनिक पैशाच्या आधाराने झाले. टाळ्या मात्र गुंतवणूकदाराला मिळाल्या.

आता हाच हिशेब मंगळवेढ्याच्या मातीवर मांडून पाहावा. ज्वारीचे कोठार म्हणून हा तालुका ओळखला जातो. येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तालुक्याच्या दक्षिण भागातील गावे पाण्यासाठी तडफडत राहिली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील पस्तीस गावांनी मतदानावर बहिष्कार टाकला. चोवीस गावांसाठीच्या उपसा सिंचन योजनेला मंत्रिमंडळाची मान्यता मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. कितीही सबुरीचा गुंतवणूकदार ही योजना बांधावयास पुढे आला असता काय? कोरडवाहू शेतकऱ्याने पाण्याचे मोल मोजून भांडवलाचा परतावा द्यावा, असे गणित येथे बसतच नाही. त्याच शेतकऱ्याला शेळीसाठी, दुकानासाठी, शिलाई यंत्रासाठी मात्र कर्ज सहज मिळेल. ज्या गावात पाणी नाही, मजुरी नाही, ज्वारीला भाव नाही, आणि रेशनच्या दुकानात दशकानुदशके गहू-तांदळाचेच राज्य चालले, त्या गावात प्रत्येक बाईला 'उद्योजक' म्हणून गौरविणे म्हणजे समाजाचे देणे तिच्या डोक्यावर तिचे स्वतःचे कर्ज म्हणून ठेवणे होय.

महाराष्ट्राला याहून चांगले उत्तर ठाऊक होते. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी राज्यभर आली. मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता. खडी फोडणारी बाई येथे लाभार्थी नव्हती, कर्जदार नव्हती. ती हक्कदार होती. आणि किंमत कोणी भरली? १९७५ च्या व्यवसाय कराने ती शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर टाकली. दामाजीच्या कथेत जे काम विठू महाराला करावे लागले, ते येथे विधिमंडळाने केले. कोठार उघडले आणि त्याचा हिशेब समर्थांकडून वसूल केला. २००५ साली देशभरासाठी झालेल्या रोजगार हमी कायद्याचे मूळ या मातीत होते.

याचा अर्थ समाजवाद्यांनी पाठ थोपटून घ्यावी असा नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, सहकारी संस्था पुढाऱ्यांच्या वाड्यातील कपाटे बनल्या, हे सर्व डोळ्यांदेखत घडले आणि त्याविरुद्ध जेवढे लढावयास हवे होते तेवढे चळवळ लढली नाही. लोहारकाम करणाऱ्या त्या बाईचे खाते उघडावे, हे आधी कोणत्याही समाजवादी शाखेला सुचले नाही, हेही मान्य केले पाहिजे. चेतना सिन्हांसारख्या कार्यकर्त्यांना स्वतंत्र वाट काढावी लागली, यात चळवळीचाही दोष आहे. जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सात सहअध्यक्षांत त्यांचे नाव होते. माणदेशच्या बायांचा आवाज तेथे पोहोचला, याचा आनंदच आहे. पण ज्या सभागृहात त्यांचे कौतुक झाले, तेथील धनिकांनी आपल्या नफ्यावर अधिक कर भरण्याची तयारी दाखविली काय? कौतुक स्वस्त असते; कर महाग पडतो. गरिबी हटविण्याचा जो मार्ग श्रीमंताकडून काहीच मागत नाही, तो श्रीमंताला प्रिय होणारच.

तेव्हा कार्यकर्त्यांनी भेद स्पष्ट ठेवावा. स्त्रियांची बचत, त्यांची पतपेढी, त्यांची बँक हे आपलेच काम आहे. ते हाती घ्यावे आणि त्याची मालकी सभासदांकडून हलू देऊ नये. पाणी, मजुरी, धान्य आणि औषध यांचा प्रश्न मात्र कर्जाच्या वहीत लिहिला जाऊ देऊ नये. तो सार्वजनिक खजिन्याच्या वहीतच लिहिला पाहिजे. मंगळवेढ्यात आजही दामाजीपुढे लोक हात जोडतात. दामाजींनी गुंतवणूक केली म्हणून नव्हे. कोठाराच्या किल्ल्या हाती असताना त्यांनी ते उघडले म्हणून. आज त्या किल्ल्या बादशहाकडे नाहीत, लोकांनी निवडलेल्या सरकारकडे आहेत. त्या मागण्यासाठी चमत्काराची वाट पाहावी लागत नाही, संघटना लागते.