समजून घ्या : लातूरचं पाणी एकच, मग टंचाई वेगवेगळी का?

एप्रिल 2016. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. 'लातूर तहानलं' अशी देशभर बातमी झाली. पण सगळं लातूर सारखंच तहानलं होतं का?

फरक कुठे पडतो?

समजा, नळ पाच दिवसांनी येतो. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हवं, असा केंद्राचा निकष आहे. म्हणजे पाच जणांच्या घराला एका खेपेत 3,375 लिटर साठवावे लागतील.

औसा रोडवरच्या बंगल्यात जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, वर बोअर. तिथे भागतं. गंजगोलाईमागच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत 200 लिटरचा एक बॅरल कसाबसा मावतो. हिशेब करा : माणशी दिवसाला 8 लिटर. बाकीचं विकत घ्या, नाहीतर घागर घेऊन फिरा.

नळ दोन्हीकडे तेवढाच वेळ चालला. फरक पाडला तो जागेने.

हे फक्त लातूरचंच?

नाही. नांदेडच्या उशाशी गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे. पण नळ रोज येत नसेल, तर एका खोलीच्या घराचा हिशेब तिथेही हाच.

मग करायचं काय?

दाट वस्तीत पाणी कमी दिवसांच्या अंतराने सोडा. खोल्यांच्या वस्त्यांत सामाईक टाक्या बांधा. वॉर्डात किती पाणी सोडलं, एवढं सांगून महापालिकेची जबाबदारी संपत नाही. घरात किती साठलं, तेही मोजायला हवं. धरण भरलं म्हणून बॅरल मोठा होत नाही.