सिलिंडरचा नंबर, लेसर आणि आपण

‘वैद्यराज, लेसर करून घेऊ की तर्पण?’ हा प्रश्न आमच्या चिकित्सालयात आता वारंवार येतो. विचारणारे बहुधा लग्नाच्या वा नोकरीच्या उंबरठ्यावरचे तरुण असतात. दूरचे दिसत नाही आणि सोबत सिलिंडरचा नंबर. लेसरची निंदा करून त्यांना परत पाठविणे सोपे आहे. शास्त्राला धरून मात्र नाही.

निकटदृष्टीसोबत दृष्टिवैषम्य असते तेव्हा पारपटलाची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. म्हणून नंबराइतकाच त्याचा अक्षही महत्त्वाचा. रुग्ण उताणा झोपला की डोळा किंचित वळतो. अक्ष १५ अंशांनी चुकला तर सिलिंडरची निम्मी दुरुस्ती वाया जाते. ३० अंशांनी चुकला तर लाभ उरतच नाही. पद्धतींची तुलना प्रथम याच कसोटीवर व्हावी, असे आमचे मत आहे.

पीआरकेमध्ये पारपटलाचा वरचा थर काढून एक्सायमर लेसर पृष्ठभागावरच चालवितात. काही दिवस वेदना होतात, दृष्टी सावकाश स्थिरावते. पण पुढे सरकण्याजोगी झडप राहत नाही. लॅसिकमध्ये पातळ झडप उचलून तिच्याखाली लेसर देतात. दुसऱ्याच दिवशी बरेच स्पष्ट दिसते, डोळ्यांचा कोरडेपणा मात्र अधिक. या दोहोंच्या आधुनिक यंत्रांत डोळ्यावरील खुणा ओळखून वळलेला अक्ष आपोआप जुळविण्याची सोय असते. स्माइलमध्ये झडप नसते. फेम्टोसेकंद लेसरने आत कोरलेली चकती लहानशा छेदातून काढून घेतात. अमेरिकेच्या एफडीएने ही पद्धत २०१६ मध्ये निकटदृष्टीसाठी आणि २०१८ मध्ये दृष्टिवैषम्यासह मान्य केली. तिच्या आरंभीच्या यंत्रांत अक्ष आपोआप जुळत नसे. शल्यचिकित्सकाला हाताने खुणा कराव्या लागत. तेव्हा ‘नवीन तेच उत्तम’ या जाहिरातीवर न विसंबता, अक्ष कसा जुळविता, हे रुग्णाने विचारावे. मोठ्या सिलिंडरच्या रुग्णाला आम्ही हा प्रश्न कागदावर लिहूनच देतो.

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा सिलिंडर दर सहा महिन्यांनी वाढत होता. डोळे चोळण्याची सवयही होती. आम्ही कित्येक महिने तर्पण आणि त्रिफळाघृत देत राहिलो. शेवटी पारपटलाचा आलेख काढला तेव्हा केराटोकोनस निघाला. अशा डोळ्यावर हे लेसर वर्ज्यच. वाढ रोखण्यासाठी क्रॉसलिंकिंग लवकर व्हावे लागते, आणि तो काळ आम्ही दवडला होता. तर्पणाने डोळ्यांची रूक्षता, थकवा यांत आराम पडल्याचे आम्ही पाहिले आहे. पारपटलाचा आकार बदलल्याचे कधी पाहिले नाही. वाढत्या सिलिंडरच्या रुग्णाला आता आम्ही आधी आलेखासाठीच पाठवितो.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. पीआरकेनंतर स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे दिले जातात. जुनी चिठ्ठी पाहून ते पुन्हा देऊ नयेत, डोळ्यातील दाब वाढतो. आणि शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात अंजन वा मध घालण्यास कोणी मागितले, तर शल्यचिकित्सकाची अनुमती मिळेपर्यंत नकारच द्यावा.