कात्री लागण्याआधी

लग्नसराई आली की गांधीबाग आणि इतवारीच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा मिळत नाही. सीताबर्डीवर, जरीपटक्यात तीच गर्दी. घाईघाईने खरेदी होते आणि घरी पोचण्याआधीच वाटेतल्या फॉल-पिकोवाल्याकडे साड्या देऊन आपण मोकळ्या होतो. एक काम उरकलं म्हणून बरंही वाटतं. पण पुढची सगळी कटकट इथेच सुरू होते, कारण कपड्याला एकदा कात्री लागली की दुकानदाराची भाषा बदलते.

महालातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: "मुलीच्या साखरपुड्यासाठी साडेचार हजारांची साडी घेतली. घरखर्चातून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते. ब्लाऊजपीस कापून शिंप्याकडे दिला, फॉल-पिको करून घेतलं. आठव्या दिवशी साडी उघडून पाहिली तर निऱ्यांच्या भागात वीतभर धागे सुटलेले. दुकानात गेले तर मालक म्हणाले, 'बहनजी, कटिंग हो गया, अब वापस नहीं होगा.' घरी यजमान म्हणतात, जाऊ दे, चारचौघांत वाद कशाला? ताई, खरंच काही करता येत नाही का?"

करता येतं. पण त्याआधी कपडा का परत करायचा आहे, हे आपलं आपल्याशी स्पष्ट असायला हवं.

रंग आवडला नाही, जाऊबाईंनीही तसलीच साडी घेतली, किंवा घरी आल्यावर मन बदललं, तर ती आपली मर्जी झाली. अशा वेळी बदलून देणं दुकानदाराच्या राजीखुशीवर आणि बिलावर छापलेल्या अटीवर असतं. कपडा कापला असेल तर तो नाही म्हणणारच, आणि त्यात त्याचं चूक नाही. ब्लाऊजपीस कापलेली साडी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला कशी दाखवणार?

कपड्यात मुळातच दोष असेल, तर गोष्ट वेगळी. विणताना सुटलेला धागा, छपाईतला डाग, 'शुद्ध रेशीम' सांगून दिलेलं भलतंच कापड, हे कात्रीने केलेलं नाही. दोष आधीचा, कात्री नंतरची. देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही या कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर तीस दिवसांत माल परत घ्यायला हवा. या तरतुदीत कापलेला आणि न कापलेला असा भेद केलेला नाही. मात्र दोष मुळातलाच आहे, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे.

म्हणून महालातल्या भगिनीने एवढं करावं. साडी धुऊ नये, नेसू नये, आणि मुख्य म्हणजे रफू करून घेऊ नये. रफू झालं की पुरावाच बुजला! दोषाचे उजेडात जवळून फोटो काढावेत. ब्लाऊज शिवून झाला असला तरी उरलेल्या चिंध्यांसकट जपून ठेवावा. मग बिल घेऊन, गर्दी नसेल अशा दुपारच्या वेळी दुकानात जावं आणि आवाज न चढवता सांगावं: "मला पसंत नाही म्हणून मी आले नाही. विणकामात दोष आहे म्हणून आले." या एका वाक्याने बराच फरक पडतो. दुकानदारालाही तो माल विणकराकडे किंवा ठोक व्यापाऱ्याकडे परत करता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तो दुसरी साडी देईल, पैसे देईल, किंवा किंमत कमी करून रफू करून देतो म्हणेल. दोष आतल्या निरीत लपणारा असेल आणि साडी मनापासून आवडली असेल, तर शेवटचा पर्यायही वाईट नाही. निर्णय आपला. मात्र 'जाऊ दे' म्हणायचंच असेल तर ते विचार करून म्हणावं, संकोचाने नव्हे.

तोंडी सांगून भागलं नाही, तर तारीख घालून चार ओळींचा अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं. शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. तो नागपुरातही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. साडेचार हजारांसाठी तिथवर जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण असा दरवाजा आहे, हे ठाऊक असलेली बाई दुकानात वेगळ्या आवाजात बोलते.

आता शिंप्याकडे बिघडलेल्या कपड्याबद्दल. कापड चांगलं होतं आणि शिवताना बिघडलं, तर कापडदुकानदाराशी भांडून उपयोग नाही. तिथे जबाबदारी शिवणाऱ्याची. पैसे घेऊन शिवून देणं ही कायद्याच्या भाषेत सेवाच आहे. अहमदाबादेत एका बाईंनी नात्यातल्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकला होता. तो सांगितल्याप्रमाणे आणि वेळेवर मिळाला नाही, तेव्हा २०२५ साली तिथल्या ग्राहक आयोगाने घेतलेले ४,३९५ रुपये परत आणि वर ७,००० रुपये भरपाई द्यायला लावली. दुकानातच 'फ्री अल्टरेशन' करून घेतलेला कपडा बिघडला, तर जबाब दुकानालाच विचारायचा. पण बाहेरच्या शिंप्याकडून घेतला असेल, तर दुकानदार हात वर करणार, हे धरून चाला.

हे सगळं झालं तक्रारीचं. पण तक्रार करणं म्हणजे थोडंफार वरातीमागून घोडंच. त्यापेक्षा कपड्याला कात्री लागण्याआधी एक क्रम पाळावा: आधी उजेड, मग निर्णय, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी कात्री.

१. उजेड: दुकानातल्या झगमगीत दिव्यांत रंग फसतो. साडी दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावी. पदर, काठ आणि वरच्या दोन घड्या पाहून भागत नाही; साडेपाच मीटर पूर्ण उलगडून उलट बाजूने पाहावी. सुटलेला धागा उलट बाजूला चटकन दिसतो. दुकानात संकोच वाटला, तर घरी त्याच दिवशी हे काम करावं.

२. निर्णय: बिलावर बदलून देण्याची मुदत किती आहे ते वाचा. तेवढे दिवस टॅग काढू नका, ब्लाऊजपीस कापू नका, फॉल लावू नका. तयार कुर्ता किंवा पँट असेल, तर घरी आरशासमोर घालून, बसून, हात वर करून पाहावी. ऑनलाइन मागवलेल्या कपड्याचंही असंच. दाखवल्याप्रमाणे नसलेला किंवा सदोष कपडा परत घेणं विक्रेत्याला २०२०च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण आपणच उंची कमी करून घेतली, तर 'माप चुकलं' असं कोणत्या तोंडाने सांगणार?

३. पाणी: कपडा ठेवायचाच असं ठरलं, की सुती कपडा एकदा पाण्यातून काढून वाळवावा. सुती कुर्ता आटतो, तोही बहुतेक लांबीला. आधी उंची कमी केली आणि मग धुतला, की गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्याच्या वर! अस्तर आणि फॉलही भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला द्यावेत. नाहीतर पहिल्याच धुण्यात साडीचा काठ चुण्या घेतो. रंग जातो का ते पाहायला पांढरं ओलं फडकं आतल्या शिवणीवर घासावं. रेशमी आणि जरीची साडी मात्र पाण्यात घालू नये.

४. कात्री: शिंप्याकडे देताना पावतीवर तारीख, मापं आणि किती मीटर कापड दिलं ते लिहून घ्यावं. अंगात नीट बसणारा जुना ब्लाऊज नमुन्याला द्यावा. 'आत माया ठेवा' हे सांगायला विसरू नये, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो. पँटची उंची कमी करताना कापड कापण्याऐवजी आत दुमडून शिवायला सांगावं. शाळेच्या गणवेशाला तर हे हवंच. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि दिवाळीपर्यंत पोरांची उंची वाढलेली असते. भारी कपडा असेल तर आधी कच्ची टीप मारून घालून पाहावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायलाच हवी. साडी नेसून, समारंभ आटोपून, अत्तराचा वास आलेली साडी 'आवडली नाही' म्हणून परत नेणाऱ्याही काही जणी असतात. त्यांच्यामुळे दुकानदार प्रत्येकीकडे संशयाने पाहतो आणि खऱ्या तक्रारीची किंमत जाते. आपला हक्क मागताना आपली बाजूही स्वच्छ असावी.

आणि बिल! 'पक्कं बिल कशाला, दोन पैसे कमी करतो' असं म्हटलं तरी बिल सोडू नये. मागितल्यावर बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे. कपाटात एक जुनी पत्र्याची डबी ठेवा आणि घरात कपडा आला की त्याचं बिल आणि टॅग आधी त्या डबीत टाका. कपडा दोनदा धुऊन अंगात बसला, की मगच बिल फेका. शाई पुसट होणारं बिल असेल, तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.