तपासणी अंगणवाडीतच हवी

एका डोळ्याने नीट दिसत नसल्याची तक्रार चार वर्षांचे मूल करत नाही. नीट दिसणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसते. चांगल्या डोळ्याच्या भरवशावर ते पळते, चित्रे रंगवते, गर्दीत आईला ओळखते. घरात कुणाला शंकाही येत नाही. दरम्यान मेंदू दुसऱ्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र वगळायला शिकतो आणि डोळा आळशी होतो.

चेन्नईत नेत्रसेवेची उणीव नाही. एग्मोरचे सरकारी नेत्र रुग्णालय १८१९ पासूनचे, शंकर नेत्रालय १९७८ चे. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देणारी ‘कण्णोळि काप्पोम’ योजना तमिळनाडूने २००९ मध्ये आणली. मात्र फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मूल तपासणीला येते, तोवर मोलाची वर्षे सरलेली असतात. सातव्या वर्षानंतर चांगला डोळा झाकणाऱ्या पट्टीचा उपयोग होतच नाही असे नाही, पण कष्ट वाढतात आणि सुधारणा बहुधा कमी होते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. पण फिरत्या पथकाच्या यादीत सुमारे ३० व्याधी असतात. प्रत्येक डोळा वेगळा झाकून पाहायला निवांत वेळ लागतो. तो वेळ नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांनी द्यावा.

स्वीडनने चार वर्षांच्या मुलांची तपासणी १९७० च्या दशकात रुजवली. तिथे तीव्र आळशी डोळ्याचे प्रमाण सुमारे २ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले.

साधने साधीच आहेत. फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युवारिनेन यांच्या तक्त्यात घर, सफरचंद, वर्तुळ आणि चौकोन असतात. अक्षरओळख लागत नाही. तमिळ, तेलुगू, मराठी, घरात कुठलीही भाषा असो, मूल हातातल्या कार्डावरचे जुळते चित्र दाखवते. सेविकेने आदल्या दिवशी हा खेळ शिकवला, तर तपासणी भराभर होते. चार वर्षांच्या मुलाला एका जरी डोळ्याने ६/१२ ची ओळ ओळखता आली नाही किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आढळला, तर त्याला पुढे पाठवावे.

केवळ तपासणी मोफत असून भागणार नाही. थेंब घालून नंबर काढणे, चष्मा, पट्टी आणि फेरतपासणी हेही मोफत हवे. नाहीतर रोजंदारीवरची आई चिठ्ठी घेऊन घरी जाते आणि परत येत नाही. प्रत्येक दवाखान्याने जवळची एक अंगणवाडी निवडावी, जूनआधी तिथली मुले तपासावीत आणि पाठवलेल्यांपैकी किती जणांच्या नाकावर चष्मा आला, याची नोंद ठेवावी.